पोटात तुटतं, प्रवासास अयोग्य

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या शाळेत मराठी शिकवलं. माझ्या लाल पेनाला किती पोरं घाबरली असतील, देव जाणे. आणि निवृत्त होऊन सहा महिने होत नाहीत तोच मला एका परीक्षेत नापास केलं गेलं. तेही मराठीत. आणि नापास करणारा कोण, तर सिन्नरच्या उड्डाणतळावरचा एक खांब.

हो, खांबच. माझ्या खांद्याएवढा उंच, पांढरा, वर पडदा आणि मधोमध पंजा ठेवायला खाच. त्याच्यापायी माझं काय झालं ते सांगते. पण आधी भाकरी म्हणजे काय ते सांगायला हवं.

भाकरी या प्रवासी यानाचं कागदोपत्री नाव काहीतरी लांबलचक इंग्रजी आहे. आपल्याकडे ते कोणी घेत नाही. लहानपणी चपटा दगड तिरका फेकून गोदावरीच्या पाण्यावर भाकऱ्या काढल्या असतील, तर तुम्हाला निम्मं शास्त्र आलंच. साधं विमान हवेतून जातं. हवा त्याला उचलून धरते खरी, पण तीच त्याला मागेही रेटते. भाकरी सरळ हवेच्या वर जाते, शंभर किलोमीटर उंच, जिथं अडवायला काही उरतच नाही. मग खाली येताना तिचं चपटं पोट दाट हवेच्या थरावर आपटतं आणि ती दगडासारखी पुन्हा वर उसळते. नाशिक ते ओसाका सहा हजार दोनशे किलोमीटर. चार भाकऱ्या, बेचाळीस मिनिटं. माझ्या घरापासून सिन्नरच्या तळापर्यंत जायला सव्वा तास लागतो, तो वेगळा.

यात एकच गोम आहे. प्रत्येक वेळी भाकरी आपटते तेव्हा अर्धा मिनिट माणसाचं वजन तिप्पट होतं. मी अठ्ठावन्न किलोची बाई, तेवढा वेळ एकशे चौऱ्याहत्तर किलोची. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही, उलट लोक हसत उतरतात. पण तीन महिने सरलेल्या गरोदर बायका, पाच वर्षांच्या आतली मुलं आणि ज्यांचं हृदय किंवा डोळे नाजूक आहेत अशा सगळ्यांना मनाई आहे.

माझी एकुलती एक लेक ओवी चार वर्षांपूर्वी लग्न करून ओसाकाला गेली. ती तिथं पुलांच्या तपासणीचं काम करते. जावई जपानी आहे, ताकुमी नावाचा. तो लहान मुलांना पोहायला शिकवतो आणि स्वतः इतका हळू बोलतो की वाक्य संपेपर्यंत मी भाजी निवडून घेते. भाकरी सुरू होण्याआधी ओवी वर्षातून एकदा यायची. विमानं बदलत सोळा तासांनी पोचायची, आणि आली की तीन आठवडे राहायची. पहिले दोन दिवस नुसती झोपायची. मग खायची, मग माझ्याशी भांडायची, मग आम्ही दोघी कपाटं आवरायचो आणि त्यात पुन्हा भांडायचो. भाकरी आली आणि ओवी दर दुसऱ्या रविवारी यायला लागली. अकराला यायची, मटकीची उसळ खायची आणि तीन वाजले की उठायची. पायातले मोजेसुद्धा काढायची नाही. शेजारणी म्हणायच्या, तुझं बरंय बाई, लेक ओसाकाला असून इथं सातपूरला असल्यासारखी आहे. मी हो म्हणायचे. पण मुक्काम हा शब्द आमच्या घरातून गेला होता, आणि तो गेल्याचं मला कोणाला सांगता येत नव्हतं, कारण लेक तर दर पंधरा दिवसांनी समोर बसून जेवत होती.

मी स्वतः ओसाकाला एकदाही गेले नव्हते. आधी लांब म्हणून, मग जवळ म्हणून. बेचाळीस मिनिटांवर तर आहे, जाऊ की कधीही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी ओवी आलीच नाही. पडद्यावर दिसली. म्हणाली, आई, आता मला भाकरीत बसू देणार नाहीत. चौदावा आठवडा लागलाय. मी आनंदाने आधी रडले, मग ओरडले, मग हेमंतला बोलावलं. हेमंत म्हणजे माझा नवरा. तो आयुष्यात दोन शब्दांच्या वर कधी गेला नाही. त्या दिवशी तो तीन बोलला. म्हणाला, "छान. कधी आहे?"

जानेवारीच्या शेवटी. आमच्याकडे पहिलं बाळंतपण आईनं करायचं असतं, हे ओवीलाही माहीत होतं आणि मलाही. ती येऊ शकत नव्हती, म्हणजे मी जायचं. आठव्या महिन्यात तिच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पडून राहायला सांगितलं आणि तेव्हापासून ती फोनवर एकच विचारायची, आई, तू असशील ना. ओवी घाबरट नाही. ती समुद्रावरच्या पुलाखाली दोरीला लटकून भेगा शोधते. पण त्या प्रश्नात तिचा आवाज पाचवीतल्यासारखा व्हायचा. मी म्हणायचे, असणार म्हणजे काय, असणारच. डोळे मिटून शब्द दिला मी.

डिसेंबरात तिकीट काढलं आणि तपासणीसाठी आम्ही दोघं सिन्नरला गेलो. हेमंत आधी खांबासमोर उभा राहिला. खांबानं गोड आवाजात मराठीत बारा प्रश्न विचारले. हेमंतनं बारा वेळा नाही म्हटलं. पडदा हिरवा झाला.

मग मी पंजा ठेवला. खांब म्हणाला, आपली नाडी बहात्तर, रक्तदाब उत्तम. मला बरं वाटलं. मग त्यानं विचारलं, छातीत धडधड होते का?

"होणारच की," मी म्हटलं. "लेक पहिलटकरीण आहे माझी."

पोटात दुखतं का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, दुखत नाही, पण तिची आठवण आली की पोटात तुटतं. श्वास घ्यायला त्रास होतो का? मी म्हटलं, बाबा रे, या घाईत श्वास घ्यायला फुरसत आहे कुठं. डोळ्यांत काही औषध घालता का? मी म्हटलं, औषध कसलं, आता महिनाभर तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायचंय मला. हातापायांची काही तक्रार? आता मला गप्पांचा रंग चढला होता. खांब इतका आदरानं विचारत होता, इतकं तर माझ्या सख्ख्या नवऱ्यानंही कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तक्रार नाही रे, पण डॉक्टरीणबाईंनी तिला झोपून राहायला सांगितलं हे ऐकलं तेव्हा हातपाय गळाले माझे.

मग पडदा लाल झाला आणि त्यावर यादी उमटली. हृदयाचे ठोके अनियमित. पोटात अंतर्गत तुटणे. श्वसन बंद, कारण वेळेचा अभाव. दोन्ही डोळ्यांत बाहेरील तेल. चारही अवयव गळालेले. प्रवासास अयोग्य. पुढील तपासणी सहा महिन्यांनी.

हेमंत यादी वाचून म्हणाला, "कठीण आहे."

काउंटरवरच्या मुलीनं मला पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. हा खांब मराठी शिकला तो दवाखान्यातल्या लाखो केसपेपरांवरून. त्यानं आयुष्यात कधी गोष्ट ऐकली नाही, भांडण ऐकलं नाही, आईचा फोन ऐकला नाही. त्याच्या जगात पोट, छाती, डोळे हे शब्द फक्त आजाऱ्याच्या तोंडून येतात. बरं, त्याची यंत्रं मला ठणठणीत म्हणत होती त्याचं काय? तर नियमच असा की यंत्राचं माप आणि माणसाचा शब्द यांत फरक पडला तर माणसाचा शब्द खरा धरायचा. सुरुवातीला म्हणे एका प्रवाशानं छातीत कसंतरी होतंय असं सांगूनही माप बरोबर म्हणून त्याला सोडलं, आणि पहिल्याच भाकरीला त्याची शुद्ध गेली. नियम चांगलाच आहे. तो मला लागू व्हावा एवढंच वाईट होतं. ती मुलगी हळूच म्हणाली, काकू, तुम्ही नुसतं नाही म्हणायचं होतं.

एकतीस वर्षं मी पोरांना सांगत आले, एका शब्दात उत्तर देऊ नका, पूर्ण वाक्य लिहा. त्याची ही फळं.

घरी येऊन मी तक्रार लिहिली. साधी नाही. खांबाच्या यादीचा कागद घेतला, लाल पेन घेतलं आणि उत्तरपत्रिका तपासावी तशी तपासली. पोटात तुटणे, अर्थ: मायेने कासावीस होणे. हातपाय गळणे, अर्थ: धीर सुटणे. डोळ्यांत तेल घालणे, अर्थ: अतिशय दक्ष राहणे. प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करून दाखवला. खाली शेरा दिला: सातवीच्या मुलाला दोन गुणांसाठी येणारा प्रश्न, पालकांना भेटायला पाठवावे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आपली सूचना मोलाची आहे, नव्वद दिवसांत विचार होईल. नव्वद दिवसांनी नातवंड हसायला लागलं असतं.

मग मी दुसरे रस्ते शोधले आणि तेव्हा मला कळलं की जग काय झालंय. ओसाकाला जाणारं शेवटचं प्रवासी विमान वर्षापूर्वीच बंद झालं होतं. बेचाळीस मिनिटांत जाता येत असताना सोळा तास कोण बसणार, आणि रिकाम्या खुर्च्या कोण उडवणार. बोटीला तेवीस दिवस. म्हणजे ज्याला तिप्पट वजन सोसतं त्याला ओसाका सातपूरएवढं जवळ आलं, आणि ज्याला सोसत नाही त्याला ते माझ्या पणजोबांच्या काळात होतं तेवढं लांब गेलं. ही बातमी कुठं आली नाही, कारण ती माणसं घरी बसून असतात. त्या आठवड्यात मी ओवीचे दोन फोन उचलले नाहीत. दिलेला शब्द घशात अडकला होता माझ्या. हा वाक्प्रचार खांबाला सांगितला असता तर त्यानं घशाचं ऑपरेशन लिहून दिलं असतं.

शेवटी ठरलं की निदान डिंकाचे लाडू तरी पोचावेत. हेमंत पास झाला होता, त्याला पाठवलं. रविवारी सकाळी तो डबा घेऊन गेला आणि संध्याकाळच्या चहाला परत आला. ओवीचा फोन आला, हसून हसून तिला बोलता येत नव्हतं. चार भाकऱ्यांत लाडवांवर लाडू बसून डब्यात एकच गोल वडी झाली होती. ताकुमीला वाटलं, हा भारतातला केक आहे. त्यानं सुरीनं कापून वाढला.

मीही हसले. आणि हसता हसता मनात आलं, लाडू दबतात, तर मग ज्याला दबून चालत नाही असा माल कसा जातो? फुलं, द्राक्षं, काचसामान?

हे विचारायला माझ्याकडे माणूस होतं. दीपाली ढिकले, माझी जुनी विद्यार्थिनी. तिची ओझरजवळ अंडी उबवण्याची मोठी हॅचरी आहे. तिला फोन केला तर ती म्हणाली, बाई, माझी एक दिवसाची पिल्लं दर मंगळवारी ओसाकालाच जातात की. भाकरीत घातली तर त्यांच्या माना मोडतील. त्यांच्यासाठी पंख्याचं सावकाश जाणारं मालविमान आहे, दहा तासांचं. त्यात मालासोबत जाणाऱ्या माणसांसाठी चार खुर्च्या असतात. जिवंत माल असेल तर सोबत माणूस लागतोच, तसा नियम आहे. माझा माणूस एक खेप सुट्टी मागतोय.

मी विचारलं, त्याला तपासणी लागते का? ती म्हणाली, "बाई, पिल्लांना सोसतं ते तुम्हाला सोसेल. फक्त पिल्लांचं ऐकता आलं पाहिजे."

दोन दिवस मी तिच्या हॅचरीत शिकले. पिल्लू अंड्यातून निघायच्या आधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्यावर ते दोन दिवस अन्नपाण्यावाचून राहतं. म्हणजे प्रत्येकजण जन्मतानाच शिदोरी बांधून निघतो. त्यांना लागते ती फक्त ऊब. ऊब बरोबर असेल तर ती हलकी कुजबुजतात. थंडी वाजली की एकमेकांवर चढून तारस्वरात ओरडतात. उकडलं की गप्प होऊन चोची उघडतात. मी म्हटलं, हे तर सातवी ब. दीपालीला हसू आवरेना. तिला माझ्याकडे वाक्प्रचारांत नेहमी शून्य मिळायचं, हे तिनं मला चहा देताना आठवणीनं सांगितलं.

मंगळवारी पहाटे पाचला ओझरहून विमान निघायचं होतं. हेमंतनं हातावर दही ठेवलं. मी त्याला म्हटलं, येते. तो म्हणाला, "ये."

विमान म्हणजे उडणारं गोदामच. मागे पिल्लांचे डबे छतापर्यंत रचलेले, बारा हजार पिल्लं, आणि पुढे मी. माझ्या शेजारी एक मणिपुरी आजोबा ऑर्किडची रोपं घेऊन बसले होते. त्यांच्या छातीत पेसमेकर होता आणि ते नातीच्या लग्नाला निघाले होते. त्यांनीही माझ्यासारखीच शक्कल लढवली होती. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. खिडकीतून खाली जमीन दिसत होती. नदी, मग डोंगर, मग ढग, मग आणखी एक नदी, किती वेळ. सहा हजार दोनशे किलोमीटर म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. माझी लेक एवढ्या लांब राहते, आणि मी तिला तीन वाजले की जाऊ देत होते.

पाच तास झाले तेव्हा मागचा आवाज बदलला. पडद्यावर प्रत्येक रांगेचं तापमान बरोबर दिसत होतं, पण डाव्या कोपऱ्यातली पिल्लं किंचाळत होती. मी वैमानिकाला सांगितलं, तिथं गारठा आहे. तो म्हणाला, आकडा बरोबर आहे. मी म्हटलं, आकड्याला विचारू नका, त्यांना विचारा. तो नाइलाजानं उठून आला. झडपेचा एक पत्रा निसटून गार वारा थेट खालच्या डब्यांवर येत होता, आणि तापमापी होती वरच्या डब्यात. त्यानं पत्रा बसवला. मी माझी शाल त्या डब्यांभोवती गुंडाळली आणि पाच मिनिटांत सातवी ब कुजबुजायला लागली. वैमानिकानं मला सलाम केला. खांबाला हे दाखवायला हवं होतं असं मला वाटून गेलं.

खुर्चीत येऊन बसते तोच ताकुमीचा निरोप आला. त्यानं मराठीत लिहिला होता. "आई, ओवीला कळा. दवाखान्यात आहोत. आपण कुठे?"

दोन आठवडे आधी. आणि मी ढगात, आणखी साडेचार तास लांब. भाकरी असती तर चहा पिऊन निघाले असते तरी पोचले असते. डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. आजोबांनी काय झालं ते विचारलं. त्यांना सहा लेकरं. ते मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, पहिलं बाळ आहे ना, मग ते सावकाश येतं, विमानापेक्षाही सावकाश. मी मनात घड्याळ लावलं. मला ओवीच्या वेळी चौदा तास लागले होते. सगळ्या जगाची घाई झाली तरी या एका कामाला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतोच, हे आठवून मला जरा धीर आला. मी ताकुमीला लिहिलं, तिला सांग, आई निघाली आहे, आणि हळू येते आहे, तूही घाई करू नकोस.

तिथल्या घड्याळात साडेसहा वाजता उतरले. पिल्लं सही करून दिली, बारा हजारांतलं एकही गेलं नव्हतं. दवाखान्यात पोचले तेव्हा माझ्या केसांत पिवळी पिसं होती आणि अंगाला हॅचरीचा वास येत होता. परिचारिकेनं मला आधी आंघोळीला पाठवलं, मग आत सोडलं. ओवीनं डोळे उघडले, माझा हात धरला आणि म्हणाली, "किती वेळ लावलास."

"दहा तास," मी म्हटलं. "आता तीन महिने हलत नाही."

आठ वाजून दहा मिनिटांनी नात झाली. अगदी मुठीएवढं तोंड, आणि आवाज तारस्वरात. मी म्हटलं, हिला थंडी वाजतेय. दुपट्यात गुंडाळून ओवीच्या छातीवर ठेवली आणि ती कुजबुजायला लागली. ताकुमी भिंतीला टेकून रडत होता, आणि तेही अगदी हळू.

तीन महिने राहिले. अळीव, शेपा, शेक, मालीश, सगळं केलं. पहिले दोन दिवस ओवी नुसती झोपली. मग खाल्लं, मग माझ्याशी भांडली, मग आम्ही तिची कपाटं आवरली. ताकुमी रोज सकाळी दारात उभा राहून "इत्ते किमासु" म्हणायचा आणि मगच बाहेर पडायचा. मी अर्थ विचारला. ओवी म्हणाली, जाऊन येतो. घरातून निघताना इथं नुसतं जातो म्हणत नाहीत. मी जावयाकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की लेक योग्य घरी पडली.

एप्रिलमध्ये उड्डाणतळाचं पत्र आलं. माझ्या तक्रारीवर विचार झाला होता. खांबांना नवीन मराठी शिकवलं होतं, बंदीचे सहा महिने रद्द केले होते, आणि मी केव्हाही भाकरीनं परत जाऊ शकत होते. खाली आभार मानले होते. हेमंत तिकडे तीन महिने वरण-भातावर होता, तोही लावता न येता. जायला हवं होतंच.

निघायच्या दिवशी चौघं ओसाकाच्या तळावर आलो. तिथंही तसाच पांढरा खांब, मराठी बोलणारा. मी पंजा ठेवला. एकेका प्रश्नाला मी नाही म्हणत गेले, हेमंतसारखी. मग त्यानं विचारलं, पोटात दुखतं का? माझ्या शेजारी ओवी उभी होती, तिच्या खांद्यावर नातीचं डोकं. आता हिला पाच वर्षं भाकरीत बसता येणार नव्हतं, आणि हिला सोडून ओवीही येणार नव्हती. माझ्या मनात आलं, खांबाला एक संधी देऊन बघावी. नापास केलं तर आणखी राहता येईल.

"दुखत नाही," मी म्हटलं. "तुटतं."

पंजा तसाच खाचेत ठेवून मी पडद्याकडे बघत राहिले.

"हे मायेचं तुटणं आहे," खांब म्हणाला. "प्रवासास हरकत नाही."

मेल्याला आत्ताच शहाणं व्हायचं होतं. शिकवलं कोणी, तर मीच. ओवी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मला मिठी मारून म्हणाली, आई, पुढच्या वेळी पिल्लांबरोबरच ये. रविवारची जेवायला येऊ नकोस, राहायला ये.

खांबाचा शेवटचा प्रश्न राहिला होता. आपण आज जाणार, हे नक्की का?

मी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, ओवीकडे बघितलं आणि सवयीनं म्हटलं, "येते."

पडदा पिवळा झाला. उत्तर समजलं नाही, खांब म्हणाला. आपण जाणार आहात की येणार आहात? मी पुन्हा म्हटलं, येते. त्यानं पुन्हा तेच विचारलं. मागे रांग खोळंबली. शेवटी ताकुमी पुढे झाला, खांबासमोर वाकला आणि हळूहळू, एकेक शब्द करत त्याला जपानीत काहीतरी सांगितलं. त्यात मला इत्ते किमासु एवढंच कळलं. खांबाला मात्र सगळं कळलं. पडदा हिरवा झाला.

तिसऱ्या आणि चौथ्या भाकरीच्या मधे शरीर पिसासारखं हलकं होतं. पर्समधलं लाल पेन आपोआप वर आलं. मी ते धरलं आणि तिकिटाच्या पाठीवर नवी तक्रार लिहायला घेतली, अक्षर जरा वाकडंतिकडं आलं.

येते. अर्थ: जाते, पण परत येण्यासाठी. वाक्यात उपयोग: लेकीचा निरोप घेताना आई "येते" म्हणाली, आणि पुढच्याच महिन्यात दहा तासांच्या विमानानं खरंच आली, मुक्कामाला.